आठ नंबरची हिरवी करी

थोरल्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते हजेरीच्या यंत्रापुरतं. बाकी हॉटेलात सगळे त्यांना थोरलेच म्हणायचे, अगदी मालकीणबाईसुद्धा. बावन्न वर्षांचे, बुटके, पोट जरा सुटलेलं, पण चालणं असं की दोन्ही हातांत गरम सुपाच्या वाट्या असल्या तरी वरचा तवंग हलायचा नाही. भांडी घासण्यापासून सुरुवात केली, मग टेबलं पुसली, मग वाढायला लागले, आणि सतरा वर्षांनी बाकीच्या वाढप्यांवर ओरडायचा अधिकार त्यांच्याकडे आला. तो अधिकार ते फारसा वापरत नसत. नुसते डोळे वटारले की काम भागायचं.

हॉटेल काही फार भारी नव्हतं. लाकडी बाकं, कागदी दिवे आणि दोनच पानांचं मेनूकार्ड, त्यात अर्धा आशिया खंड कोंबलेला. एका पानावर सूप आणि नूडल्स, दुसऱ्यावर करी, भात, डंपलिंग, सुशी. कुठला पदार्थ कुठल्या देशातला, या भानगडीत गिऱ्हाईक पडत नसे. दुपारी आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं यायची, गळ्यातलं ओळखपत्र खिशात खोचून नूडल्स ओढायची आणि घड्याळाकडे बघत पळायची. शनिवारी कुटुंबं यायची, आणि मग काय, गंमतच. कुणी काड्यांनी डंपलिंग धरायला जायचं आणि ते थेट शेजारच्यांच्या टेबलावर. एकदा एका गृहस्थांनी सुशीसोबतचा तो हिरवा झणझणीत गोळा अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला. कान लाल झाले, डोळ्यांना धारा लागल्या, आणि तरी बायकोला म्हणतात कसे, "छान आहे गं, तूही घे." थोरले पाणी घेऊन आधीच शेजारी उभे होते. हसले नाहीत. गिऱ्हाइकाला हसायचं नाही. फारच आलं तर पाठ फिरवायची आणि खांदे हलू द्यायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता.

हॉटेलात माणसं टेबलाच्या नंबरानं ओळखायची पद्धत. तीन नंबरला तिखट कमी, बारा नंबरच्या बाई आज रडवेल्या दिसतात, सूप लवकर सोड, असं चालायचं. आठ नंबरच्या मावशी त्यातल्याच.

मावशी पंच्याहत्तरीच्या पुढच्या, हडकुळ्या, पण पाठ ताठ. सून समोरच्या इमारतीत दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दर गुरुवारी त्याच इमारतीत मावशींच्या गुडघ्यांचे व्यायाम असायचे. ते आटोपले की जेवणाच्या सुट्टीत सून त्यांना इथे घेऊन यायची. पहिल्यांदा आल्या तेव्हा "घरी चल, घरी चल" हा एकच धोशा लावला होता त्यांनी.

"काहीतरी खा हो आई. सकाळपासून नुसत्या चहावर आहात," सून काकुळतीला आली होती.

थोरल्यांनी मेनूकार्ड पुढे केलं. मावशींनी ते पालथं घातलं.

"मला काय कळतंय त्यातलं? तूच सांग. फक्त समुद्रातलं काही नको. मासा नको, कोलंबी नको, ते काळं शेवाळ गुंडाळतात तेही नको. त्याचा रससुद्धा नको."

"त्रास होतो का मावशी? अंगावर पित्त उठतं?"

"त्रास कसला! आमच्या घरात रोज मासळी शिजायची. मुलगा बोटीवर होता माझा. बोट बुडाली. बाकीचे तिघं सापडले, तो नाही सापडला. आता त्या पाण्यात त्याला कुणी खाल्लं, ते मला काय माहीत? म्हणून मी काहीच खात नाही."

भाजी आणायला सांगावी, इतक्या साध्या आवाजात सांगितलं. सून, म्हणजे त्याच मुलाची बायको, टेबलावरची बाटली उगीच सरळ करत राहिली. थोरल्यांच्या मनात आलं, लोक काय काय घेऊन जेवायला बसतात, देव जाणे, आणि आपण विचारतो, तिखट मध्यम की जास्त!

ते स्वतः आत गेले. आचारी मोठा तोंडाळ माणूस, कढईखाली हातभर ज्वाळा काढणारा, म्हणून त्याचं नाव भडक्या. त्याला थोरल्यांनी सगळं सांगितलं. भडक्या एरवी कुणाचं ऐकून घेणारा नाही, पण त्या दिवशी गुमान नवी कढई काढली. तिच्या मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळली. ती कढई आठ नंबरची. डाव वेगळा, पाण्याचं भांडं वेगळं. हिरव्या करीत तो शेवटी माशांचा सॉस घालायचा, तो मावशींच्या वाटीत बंद. हिरवं वाटण, नारळाचं दूध, भाज्या, मीठ, बस्स.

मावशींनी ती वाटी संपवली. पुसून संपवली, आणि वर आणखी थोडा भात मागितला. निघताना सून दारात थांबली आणि थोरल्यांना म्हणाली, "तीन वर्षं झाली हो यांना जाऊन. तीन वर्षांत आईंनी पहिल्यांदा भात मागून घेतला." आणि निघून गेली.

तेव्हापासून आणखी तीन वर्षं मावशी दर गुरुवारी सव्वा वाजता आठ नंबरवर. दर वेळी विचारायच्या, "समुद्रातलं नाही ना रे काही?" आणि थोरले दर वेळी सांगायचे, "मी आहे ना मावशी, माझ्यावर सोडा." असं सांगताना त्यांची छाती जरा फुगायची, खोटं कशाला बोला! अख्ख्या आयुष्यात त्यांच्या शब्दावर कुणी इतका भरवसा टाकला नव्हता. घरी बायकोसुद्धा भाजी आणायला पाठवताना चिठ्ठी लिहून द्यायची.

आता हे वाटण. ते बाहेरून तयार यायचं, मोठ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीतून. कोठीवाला ते आल्या आल्या स्टीलच्या डब्यांत काढायचा, डब्याला कागद चिकटवायचा, 'हिरवं', आणि बादली धुऊन फरशी पुसायला द्यायचा. हॉटेलातल्या फरशी पुसायच्या सगळ्या बादल्या त्याच. बादलीवर परक्या लिपीत बारीक बारीक काहीतरी छापलेलं असायचं. ते कुणाला वाचता येत नव्हतं, आणि फरशी पुसायच्या बादलीवर काय लिहिलंय ते वाचायला जातो कोण?

एका सोमवारी सकाळी, हॉटेल उघडायच्या आधी, डंपलिंग करायला नवी आलेली बाई ओट्याशी पुऱ्या लाटत बसली होती. ती त्याच मुलखातली, जिथून वाटण यायचं. शेजारी बादली होती. तिची नजर गेली आणि ती लहान मुलीसारखी खुलली.

"अगं बाई, हे तर आमच्या लिपीतलं!" आणि कौतुकानं मोठ्यानं वाचायला लागली. "हिरवी मिरची, गवती चहा, लसूण, कोलंबी, मीठ..."

भडक्या वळला. "काय म्हणालीस? कोलंबी?"

"हो, वाळवून कुटलेली. ती असतेच की त्यात. तिच्याशिवाय चव कुठली यायला?"

थोरले काचा पुसत होते. हातातलं फडकं तसंच राहिलं. भिंतीवर लाल पट्टीची कढई टांगलेली होती, वेगळा डाव तिच्या शेजारी. वेगळी कढई काय, वेगळं पाणी काय, सॉस बंद काय! केवढी ती काळजी घेतली, आणि पहिल्या घासापासून समुद्र त्या वाटीत होताच.

मालकीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कळलं का त्यांना? नाही ना? मग गप्प बसा, थोरले. त्यांच्यापुरतं वाटण बदला आणि विषय संपवा. यात चूक कुणाचीच नाही."

चूक कुणाचीच नाही, हेच तर थोरल्यांना लागलं. कुणाची असती तर त्याला चार शिव्या घालून मोकळे झाले असते. शब्द मात्र त्यांचा होता. माझ्यावर सोडा, असं आचाऱ्यानं म्हटलं नव्हतं, कोठीवाल्यानं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी बायकोपुढे विषय काढला. ती शेजारपाजारची मुलं सांभाळायची, त्यामुळे तिला फार वेळ कुणाचं रडगाणं ऐकायची सवय नव्हती.

"सांगून टाकू का त्यांना?"

"कशाला? तुमचं मन हलकं व्हायला? तुमच्या डोक्यावरचं उचलून त्या म्हातारीच्या डोक्यावर ठेवणार, होय ना?"

"मग नको सांगू?"

बायकोनं बशीतला उरलेला चहा संपवला. "तेही वाईटच," ती म्हणाली. "मला नका विचारू बाई. मला पोरं यायची वेळ झाली."

त्या गुरुवारी भडक्यानं स्वतः वाटण कुटलं. दीड तास खलबत्त्याशी झुंजत होता, कुणाला हात लावू दिला नाही. थोरल्यांनी वाटी नेऊन ठेवली. मावशींनी विचारलं, "समुद्रातलं नाही ना रे?" आणि थोरले तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले. "नाही मावशी."

मावशींनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग थांबल्या.

"आचारी बदलला का रे?"

"नाही, तोच आहे."

"मग हात उतरलाय त्याचा. आज मजा नाही." आणि अर्धी वाटी तशीच ठेवली.

पुढच्या गुरुवारी भडक्यानं भाजलेले मशरूम घातले, त्याच्या पुढच्या गुरुवारी सोयाबीन आंबवून काय काय केलं. मावशी दोन चमचे घ्यायच्या आणि हात धुवायला उठायच्या. "असू दे रे, माझंच तोंड गेलंय," असं वर थोरल्यांनाच समजवायच्या. चौथ्या गुरुवारी उरलेली वाटी परत आत आली तेव्हा भडक्यानं डाव मोरीत भिरकावला.

"थोरले, त्या बाईंच्या घरात जन्मभर मासळी शिजली. जिभेला ओळख असते हो. बाईंना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या जिभेला सगळं ठाऊक होतं. मी काय घालू आता त्यात? माझं डोकं घालू?"

थोरल्यांनी डाव उचलून दिला. दुसरं काय करणार?

पाचवा गुरुवारही तसाच गेला. त्यानंतरच्या सोमवारी सून एकटीच आली. बसली नाही, पार्सलच्या खोक्यांच्या रॅकपाशी उभी राहिली.

"थोरले, तुम्ही काही बदललंत का करीत? राग नका मानू. आई घरी आधीपासूनच नुसतं चिवडतात. पण ही गुरुवारची वाटी पोटात गेली की दोन-तीन दिवस बरे जायचे. तेवढ्यावर तर त्या उभ्या होत्या. आता तेही सुटलं. परवा न्हाणीघरात घेरी येऊन पडता पडता वाचल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळीनं अन्न द्यावं लागेल. पूर्वीसारखी करून द्या ना हो. हात जोडते."

थोरल्यांना खोटं सुचलं असतं तर ते बोलले असते. सुचलं नाही. त्यांनी सांगून टाकलं, बादलीसकट सगळं.

सून आधी हसली. भलतंच हसू होतं ते. मग जवळच्या बाकावर बसली.

"म्हणजे मीच आणलं त्यांना इथे. बळंच आणलं होतं," ती म्हणाली. मग एकदम मान वर करून म्हणाली, "द्या. या गुरुवारी पूर्वीचीच द्या. त्यांना काही बोलू नका."

"ताई, ते मला जमायचं नाही. तेव्हा माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे जमतंय? पण घरातलं एक माणूस गेलंय. दुसरं डोळ्यांदेखत जातंय. मी काय करू ते तुम्ही सांगा मला. सांगा ना!"

थोरल्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सून मात्र हो समजून गेली.

गुरुवार उजाडला. मावशी आल्या, सुनेच्या खांद्यावर सगळा भार टाकून. आठ नंबरपर्यंतच्या वाटेत दोनदा थांबल्या. आत भडक्यानं जुना डबा काढला आणि लाल पट्टीची कढई चढवली. वाटी भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि पाठ फिरवली.

खिडकीपासून आठ नंबर वीस पावलांवर. थोरल्यांनी ती वाट हजारो वेळा तुडवली होती, पण त्या दिवशी पावलं मोजत गेले. वाटेत त्यांनी स्वतःला बजावलं की गप्प बसायचं. बायको म्हणाली ते बरोबर, मालकीणबाई म्हणाल्या ते बरोबर, सून म्हणाली तेही बरोबर. एक म्हातारं माणूस चार घास खाईल, एवढंच बघायचं.

वाटी ठेवली. मावशींनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. अंगात जीव नसलेली बाई सावरून बसली, पदर खोचला, चमचा उचलला.

"आता कसं! आला बघ तोच वास. आज नाही विचारायची मी तुला काही," असं म्हणून त्यांनी चमचा बुडवला.

न विचारताच विश्वास टाकला, आणि तिथेच थोरल्यांचा बांध फुटला.

"मावशी, थांबा."

"अहो!" सून जवळजवळ ओरडली.

"नका खाऊ, मावशी. यात कोलंबी आहे. वाटणातच असते. आम्हाला ठाऊक नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, नव्हतं ठाऊक."

मावशींनी चमचा खाली ठेवला नाही. तसाच वाटीत धरून त्या थोरल्यांकडे बघत राहिल्या.

"आजच आहे?"

"पहिल्या दिवसापासून होती."

"आणि मधे बेचव झाली होती, तेव्हा?"

"तेव्हा नव्हती. तेवढे पाच गुरुवार नव्हती."

मावशींना ते उमजायला वेळ लागला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"सोमवारी कळलं, आई."

"आणि तरी आणलंस?"

"तुम्ही चार घास खावेत म्हणून हो. मला दुसरं काही सुचलं नाही." सुनेनं तोंड ओंजळीत लपवलं.

आता मावशी ओरडतील, वाटी भिरकावतील, निदान दोन शिव्या तरी हासडतील, अशी थोरले वाट बघत होते. खरं तर त्यांना तेच हवं होतं. मावशींनी काहीच केलं नाही. करीची वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. त्यांच्या ओठांच्या कडेला पाणी सुटलं होतं, ते त्यांनी मनगटानं पुसलं. मग खाली बघत, लाजल्यासारख्या, अगदी हळू म्हणाल्या, "मला भूक लागलीय रे. किती दिवसांनी लागलीय. आता मी काय करू?"

थोरले वाकले.

"उचलू का वाटी?"

"नको."

"साधा भात आणतो. भाजी परतून देतो म्हणाल तर."

"नको."

"मग काय करू, मावशी?"

मावशींनी डावा हात वाटीला लावून ठेवला, कुणी ओढून नेईल म्हणून लावतात तसा, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. सुनेनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. सात नंबरवाले पाण्यासाठी हात वर करून बसले होते. दुसरा कुणीतरी गेला असेल, थोरले जागचे हलले नाहीत. करी निवत गेली, वर पांढरट साय धरली. दोन वाजले, सुनेची सुट्टी संपली, तरी मावशींनी वाटी सोडली नाही आणि चमचा तोंडाला लावला नाही.